हद्दमामा

मराठी माणसाला जमीन कळते ती एकरात, गुंठ्यात आणि आमच्या ठाणे-डोंबिवलीकडे कार्पेट एरियात. केवढी आहे आणि केवढ्याला पडली एवढं कळलं की ऐकणाऱ्याचं काम संपतं. पुढे त्याने फक्त मनातल्या मनात जळायचं असतं. हद्दमामांना या दोन्ही आकड्यांत रस नाही. आमच्या कचेरीतल्या एकाने मुरबाडकडे पाच गुंठे घेतले आणि पेढे वाटत वाटत तो मामांच्या टेबलापाशी आला.

"उत्तरेला कोण?" मामांनी विचारलं.

"कोण म्हणजे? तिकडे मोकळंच आहे सगळं."

"मोकळं काही नसतं. कोणाचं तरी असतं, आणि तो मुंबईला राहत असतो. पूर्वेला?"

पूर्वेला ओढा होता. ओढ्याचा अलीकडचा काठ की पलीकडचा, हे पेढेवाल्याला सांगता येईना. दक्षिणेचा रस्ता गाडीवाट की शिवरस्ता, इथपर्यंत येता येता त्याला घाम फुटला. चतुःसीमा पुरी होईपर्यंत मामांनी पेढा तोंडात टाकला नाही, आणि टाकल्यावर म्हणाले, "अभिनंदन. आता मोजणी आण." त्या माणसाला पाच गुंठ्यांचा आनंद पुढे कधी झाला असेल, तर तो मामांच्या माघारी.

जिथे नकाशे करायचं काम चालतं अशा प्रत्येक कचेरीत एक हद्दमामा असतोच. आमचे राहायला डोंबिवली पूर्वेला आणि कामाला ठाण्यात वागळे इस्टेटला. रेशन कार्डावर त्यांचं नाव वेगळं आहे; हे नाव पोरांनी ठेवलेलं. मामा रागावले नाहीत. हे मामापण आईकडून आलेलं की पोलीस खात्यातून, एवढंच त्यांनी विचारून घेतलं.

त्यांची सुरुवात ट्रेसर म्हणून झाली. ट्रेसिंग क्लॉथ, काळी शाई, आणि रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले एक जुने मोजणीदार त्यांचे गुरू. गुरूंनी पहिल्या दिवशी जे शिकवलं ते मामा अजून नव्या पोरांना शिकवतात: साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६, ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तो गुंठा, असे ४० झाले की एकर. पोरं म्हणतात, "मामा, गुगलवर आहे हे." मामा म्हणतात, "गुगलने साखळी ओढलेली नाही. भाताच्या चिखलात तिचं एक टोक धरून उभा राहा, म्हणजे ३३ फूट केवढे लांब असतात ते कळेल." मग संगणक आला. बरोबरीचे लोक बिचकले, मामा बिचकले नाहीत. नकाशाला ब्लेड लावावं लागत नाही हे कळल्यावर त्यांनी संगणकाला मनापासून माफ केलं.

मामा म्हणजे काय चीज आहे हे मला कळलं ते दगडांच्या कामाच्या वेळी. काही गावांच्या हद्दींवर दगड बसवायचे होते आणि ते किती लागतील याचा अंदाज काढून द्यायचा होता. काम नव्या मुलाकडे गेलं. संगणकाच्या लेखी गाव म्हणजे पॉलिगॉन. कडेकडेने बिंदू ठोकत जायचं आणि शेवटचा बिंदू आणून पहिल्यावरच टेकवायचा. मध्ये जे सापडलं ते गाव. क्षेत्रफळ चुटकीसरशी मिळतं. पण दगड क्षेत्रफळात बसत नाहीत, कडेवर बसतात. म्हणून पॉलिगॉन मोडून त्याच्या रेषा करायच्या. मेनूत त्यासाठी एक बटण असतं. मुलाने ते दाबलं, लांब्यांची बेरीज मारली आणि उत्तर आलं दीडच्या आसपास.

"दीड काय?" मामा.

"डिग्री, मामा."

"डिग्री? गावांना ताप आलाय का?"

फाइल अक्षांश-रेखांशात होती, तेव्हा लांबीही अंशातच येणार. आपला हा भाग यूटीएम या मीटरमधल्या मांडणीच्या ४३ उत्तर पट्ट्यात बसतो. फाइल त्या पट्ट्यात नेल्याशिवाय मीटर हाताला लागत नाहीत. मुलाने नेली. आता किलोमीटर आले, आणि एवढे आले की दगडाच्या ठेकेदाराच्या कानावर गेले असते तर त्याने आमच्याच कचेरीत सत्यनारायण घातला असता. मामांनी खिशातला कागद काढला. त्यावर त्यांनी गाव नकाशावर दोरा फिरवून काढलेला अंदाज होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत बसले.

"दुपटीला थोडा कमी आहे."

"कुठेतरी चूक झाली असेल, मामा."

"कुठेतरी नाही. कुठे झाली ते हा 'थोडा कमी'च सांगतोय."

मग मामांनी मुलाला खुर्ची ओढायला लावली. दोन गावांमधला बांध एकच. पण या गावाचा पॉलिगॉन करताना तो एकदा काढला जातो आणि त्या गावाचा करताना पुन्हा एकदा. पॉलिगॉन मोडून रेषा केल्या की तोच बांध एकावर एक दोनदा पडतो. पडद्यावर रेघ एकच दिसते, बेरजेत दोन धरल्या जातात. सगळ्यात बाहेरच्या कडेला मात्र पलीकडे फाइलमधलं कुठलंच गाव नसतं, ती एकदाच येते. म्हणून पुरती दुप्पट नाही, दुपटीला थोडी कमी. दोऱ्याने हे कधी झालं नसतं, असं मामा तीनदा म्हणाले.

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले? शेपफाइल या नकाशाच्या फाइल-प्रकाराचा नियम आहे की पॉलिगॉनची बाहेरची कड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जायची, म्हणजे बिंदूंच्या क्रमाने चालणाऱ्याच्या उजव्या हाताला आतला भाग राहतो. आत एखादं भोक असेल तर त्याची कड उलटी फिरते. हे वाचल्या दिवसापासून शेपफाइल बनवणारी कंपनी अमेरिकेतली असली तरी तिचे संस्कार आपले आहेत अशी मामांची श्रद्धा आहे. डोंबिवलीच्या गणेश मंदिरात प्रदक्षिणा घालताना ते उजव्या हाताला गाभारा आहे याची खात्री करून घेतात आणि मागच्याला सांगतात, "पॉलिगॉन बरोबर चाललाय." पुढे २०१६ साली जिओजेसन या दुसऱ्या फाइल-प्रकाराचा जो नियम आला त्यात बाहेरची कड उलट दिशेने फिरवा असं म्हटलेलं निघालं, तेव्हा मामा दोन दिवस त्या फाइलला शिवले नाहीत.

"आता बघ," ते मुलाला म्हणाले, "दोन्ही गावं आपापली प्रदक्षिणा उजवी घालतायत. मग मधल्या बांधावर काय होतं?"

मुलाने हवेत बोटं फिरवून पाहिली. "समोरासमोर येतात."

"येतात ना? तिथेच भांडण होतं. आतल्या शेतात कोणी कोणाशी भांडत नाही. दिवाणी कोर्टात जा, सगळी गर्दी बांधावरची असते."

मामांचा सगळा वेदान्त हाच. पॉलिगॉन एकाचा असतो, रेघ कायम दोघांची असते. नकाशाच्या सॉफ्टवेअरांपैकी फुकटातलं क्यूजीआयएस प्रत्येक गावाची कड सुटी करून हातात देतं. दुहेरी पडलेल्या रेषा नंतर आपण काढून टाकायच्या. विकतच्या आर्कजीआयएसमध्ये शेजारी नोंदवण्याची खूण केली की ते सामाईक कड एकदाच ठेवतं आणि तिच्यासमोर लिहितं, डाव्या अंगाला कोण, उजव्या अंगाला कोण. ज्या अंगाला कोणीच नाही तिथे उणे एक. हा तक्ता उघडला की मामांचा चेहरा उजळतो. बाकीच्यांना त्यात आकड्यांचे दोन रकाने दिसतात, मामांना सगळा तालुका शेजाऱ्याशेजाऱ्याने उभा दिसतो. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा मामा खुर्च्यांच्या रांगेच्या टोकाला बसतात आणि विचारलं की सांगतात, "डावीकडे मामी, उजवीकडे उणे एक. जेवायला उठायला बरं पडतं."

आता खरं सांगायचं तर दोन गावांच्या कडा एकमेकींवर तंतोतंत बसतातच असं नाही. गाव नकाशे गावागावाने वेगळे मोजलेले, कागद जुने, कुठे आक्रसलेले, कुठे घडीवर फाटलेले. स्कॅन करून शेजारी शेजारी मांडले की मध्ये कुठे फट राहते, कुठे एक गाव दुसऱ्यावर चढतं. या निमुळत्या तुकड्यांना जगभर स्लिव्हर म्हणतात, मामा चिंधी म्हणतात. चिंध्या गोळा करून त्यांचा निकाल लावणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि मामा ते डबा लवकर संपवून करतात.

एकदा जमिनीची कामं करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. सोन्याची साखळी, दोन फोन. मामांच्या पडद्यावर दोन गावांच्या मध्ये लाल रंगाची चिंधी दिसत होती.

"ही कोणाच्या नावावर?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही."

गृहस्थांनी दोन्ही फोन खिशात टाकले. "केवढी आहे?"

"नकाशात चार मीटर रुंद. जागेवर शून्य."

"जागेवर शून्य म्हणजे?"

"तिथे गेलात तर बांध आहे. एकच. ही फट कागदाची आहे."

"पण कागदावर आहे ना?"

"कागदावर आहे."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मामांनी त्यांच्यासमोर दोन्ही कडा एकमेकींना चिकटवल्या आणि फाइल सेव्ह केली. घोडबंदर रोडच्या भावाने एवढं नुकसान कोणी एका क्लिकमध्ये केलं नसेल.

सकाळची स्लो लोकल हे मामांचं दुसरं कार्यक्षेत्र. तिघांच्या बाकावर चौथ्याने बसायचं हा मध्य रेल्वेवरचा न लिहिलेला कायदा. चौथ्याचं अर्धं अंग बाकावर आणि अर्धं परमेश्वराच्या भरवशावर. मामा चौथे बसले की तिसऱ्याला विचारतात, "तुमची हद्द कुठवर धरू?" तिसरा झोपेत बोटभर सरकतो. कोपर स्टेशन गेलं की मामा डोळे मिटूनच जाहीर करतात, "कल्याण-डोंबिवली संपली." दिव्याला जी झुंबड आत घुसते तिला, आपण ठाणे महापालिकेतून निघून ठाणे महापालिकेतच उतरणार आहोत, याचं काडीचं अप्रूप नसतं. मामांना याचं वाईट वाटतं. ठाण्याच्या पुढे मात्र ते सहसा जात नाहीत. मुलुंड आलं की जिल्हा बदलतो आणि त्यांना परक्या गावी आल्यासारखं होतं.

घरात मामांच्या रेषा चालत नाहीत. तिथल्या चतुःसीमा मामींनी ठरवल्या आहेत आणि त्यावर हरकती-सूचना मागवलेल्या नाहीत. शेजारच्या बिऱ्हाडाशी त्यांची भिंत सामाईक आहे. शेजाऱ्यांनी एकदा देवघरासाठी ड्रिलने भोक पाडून लांबलचक खिळा ठोकला आणि त्याचं टोक इकडे बाहेर आलं. मामांनी टेप लावून भिंतीची जाडी मोजली, मध्य काढला, अतिक्रमण किती ते कागदावर मांडलं. खिळ्याचं डोकं त्यांच्या हद्दीत, टोक आपल्या, तेव्हा मालकी कोणाची आणि काढण्याचा खर्च कोणाचा, अशी टिपणी तयार करून ते चहा प्यायला आत गेले. परत येतात तो टोकावर कॅलेंडर लटकत होतं. "अहो, बरं झालं," मामी म्हणाल्या, "तुम्हाला दोन वर्षं सांगत होते एक खिळा ठोका म्हणून."

मामांच्या आयुष्यातला कडू दिवस १ ऑगस्ट २०१४. त्या दिवशी ठाणे जिल्ह्याचे दोन झाले, आठ तालुके पालघरला गेले, सात ठाण्याकडे उरले. दुःख तालुके गेल्याचं नव्हतं. भिवंडी आणि वाडा यांच्यामधली रेघ आदल्या संध्याकाळपर्यंत तालुक्याची होती. सकाळी ती जिल्ह्याची झाली. एक बिंदू हलला नाही, कुठे दगड बदलला नाही, फक्त नकाशात तिला जाड करून रंग बदलावा लागला, आणि ते काम मामांनीच केलं. "जागेवरून न हलता बढती," ते म्हणाले. "मीही जागेवरून हललो नाही. मला काय मिळालं?" साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं, तेव्हा हे वाक्य रेषेबद्दल होतं की आणखी कोणाला उद्देशून, हे ठरवण्याचं काम त्यांनी ऐकणाऱ्यांवर सोडलं.

पण त्यांची खरी गुंतवणूक २७ गावांत. आजदे, सागाव, भोपर, काटई, सोनारपाडा, निळजे ही आणि आसपासची गावं. १९८३ साली कल्याण महापालिका झाली तेव्हा ती आत आली. २००२ मध्ये बाहेर पडली. २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० च्या जूनमध्ये त्यांतली १८ बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद करायचं ठरलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, पुढाऱ्यांनी भाषणं केली, कर किती आणि पाणी किती यावर वर्षानुवर्षं रणं माजली, आणि त्यांत दोन्हीकडून बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मामांनी या सगळ्या काळात फक्त एकच गोष्ट केली: महापालिकेची बाहेरची रेघ उचलली आणि ठेवली. त्यांच्या संगणकात त्या रेषेच्या फायली ओळीने आहेत. आत_१९८३, बाहेर_२००२, आत_२०१५, बाहेर_१८_२०२०, परत_आत_२०२०. नव्या मुलाने उत्साहाच्या भरात शेवटच्या फाइलला 'अंतिम' असं नाव दिलं होतं. मामांनी ते पुसलं. "ह्या गावांच्या बाबतीत तो शब्द लिहायचा नाही. अपशकुन होतो."

गंमत अशी की २७ गावांच्या आपसांतल्या रेषा एवढ्या वर्षांत तसूभर हलल्या नाहीत. भोपर जिथे संपतं तिथेच संपतं. बदलत गेला तो फक्त डाव्या-उजव्या अंगाचा रकाना: कधी महापालिका, कधी जिल्हा परिषद. मामा हे सांगताना असा चेहरा करतात की त्या रकान्याची दया यावी.

मामांना कोणी लांबी विचारली की ते "कुठल्या स्केलला?" असं विचारतात, आणि लोकांना वाटतं हा माणूस उत्तर टाळतोय. अलीकडे सरकारनेच त्यांची बाजू घेतली. आपल्या देशाचा किनारा शाळेत आपण ७५१६ किलोमीटर पाठ केला होता. नव्या मोजणीत तो ११,०९८ वर गेला, आणि महाराष्ट्राचा ६५२ वरून ८७७ वर. समुद्र काही वाढला नव्हता. पूर्वी ढोबळ नकाशावर मोजलं होतं, आता बारीक नकाशावर, म्हणजे तुकडे लहान घेतले, खाड्यांच्या आतपर्यंत गेले. रेघ जितक्या बारीक तुकड्यांनी मोजाल तितकी ती लांब होत जाते. मामांनी ते कात्रण टेबलावरच्या काचेखाली ठेवलं. त्यानंतर ठाण्याच्या खाडीची कड काढायचं काम आलं तेव्हा ते साहेबांना म्हणाले, "भरतीची की ओहोटीची?" साहेब म्हणाले, "दोन्हीच्या मधली." मामा रजेवर गेले.

२०२५ साली महापालिका निवडणुकांसाठी प्रभाग रचनेचे प्रारूप आराखडे लागले. कल्याण-डोंबिवलीच्या जागा १२२च, पण मागच्या वेळी एकेका जागेचा एकेक प्रभाग होता, आता तीन-चार जागा मिळून एक, असे ३१ प्रभाग. मामांनी जुन्या नकाशावर नवा नकाशा ठेवला आणि किती रेषा कामावरून गेल्या ते बघून उसासा टाकला. "पेन्शनही नाही बिचाऱ्यांना." मग चष्मा पुसून ते हद्दींची वर्णनं वाचायला बसले. प्रत्येक प्रभागाची उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी वर्णनं असतात; इतर लोक त्यांत आपली इमारत शोधतात. मामांनी दोन शेजारच्या प्रभागांची एकच बाजू दोन्हीकडून वाचली आणि हरकत दाखल केली.

सुनावणीला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. आधीच्या सगळ्या हरकती आतल्या होत्या: आमची आळी तिकडे का टाकली, त्यांची चाळ इकडे का आणली, मतं कोणाची फुटणार, आरक्षण कोणावर येणार. आवाज चढत होते. मामांची पाळी आली तेव्हा त्यांनी नकाशाची गुंडाळी सोडली आणि चारही कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले.

"साहेब, ह्या प्रभागाची पश्चिम हद्द 'नाल्याच्या पूर्व काठाने' अशी लिहिली आहे. शेजारच्याची पूर्व हद्द 'नाल्याच्या पश्चिम काठाने'. म्हणजे मधला नाला कुठल्याच प्रभागात नाही."

साहेबांनी कागद जवळ घेतला. खरंच तसं होतं. "तुमचं घर आहे का त्या बाजूला?"

"नाही."

"कोणाकडून आलात? पक्ष?"

"रेषेकडून," मामा म्हणाले. मागून कोणीतरी हसलं.

"बरं, ह्या नाल्यात मतदार किती?"

"एकही नाही."

"मग अडचण काय आहे तुमची? पाण्यात मतदार नाही, घर नाही, रस्ता नाही. उगाच वेळ घेताय सगळ्यांचा."

"आज नाही, साहेब," मामा नकाशा गुंडाळत म्हणाले. "पण हे कल्याण-डोंबिवली आहे. स्लॅब पडायला किती वेळ लागतो?"

साहेबांनी पेन उचललं आणि मामांना पुन्हा बसायला सांगितलं.